समेवर कोणी बसायचं नाही

सिद्धीचा नवरा एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूला राहायला गेला आणि अजून तिथेच आहे. झालं, गोष्ट संपली. आता आपण असं धरून चालू की यातलं काहीच घडलेलं नाही. नवरा घरीच आहे. न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमधल्या जॉन्सनव्हिल उपनगरात, भाड्याच्या घरात, सोफ्यावर, दोन वेगळ्या रंगांचे मोजे घालून बसलाय आणि चहा कोण करणार या विषयावर गप्प आहे. त्याचं नाव वेदांत. हे नाव आत्ताच काय ते घेऊन ठेवा, पुढे जमेल की नाही याची खात्री देता येत नाही.

साल दोन हजार चौदा, महिना जानेवारी, म्हणजे वेलिंग्टनचा उन्हाळा: ऊन पुण्याचं, वारा मात्र कोणाशीतरी भांडण झाल्यासारखा. वेदांत एका सरकारी खात्यात टेस्टर होता. दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर कुठे मोडतं ते शोधायचं आणि सापडलं की खूश व्हायचं, हे त्याचं काम. सिद्धी स्ट्रक्चरल इंजिनिअर. भूकंप आला तर कुठली इमारत कुठून मोडेल, हे तिचं काम. थोडक्यात, दोघांचं पोट मोडतोडीवर चाललेलं होतं आणि संसार त्या मानाने धडधाकट होता.

त्या शनिवारी वेदांत आणि शेजारचा एक धट्टाकट्टा माणूस मिळून दारातून काहीतरी आत घेऊन आले.

"हे काय?" सिद्धीने विचारलं.

"स्पीकर."

"हे कपाट आहे, वेद्या."

"कपाटात कपडे ठेवतात. यात बेस ठेवतात."

लोकांनी दान केलेल्या वस्तू विकणारं ऑप शॉप स्टेशनजवळ होतं. तिथून त्याने हा स्पीकर, एक टर्नटेबल आणि एक छोटी रेकॉर्ड आणली होती. रेकॉर्डचं लेबल कोरं होतं. ना गाणं, ना गायिका, ना कंपनी. वेदांतने ती लावली, आणि आधी जमिनीतून, मग सोफ्यातून आणि सगळ्यात शेवटी कानांतून एक बेस आला. ऊबदार, लठ्ठ, घाई नसलेला. जेवून उठलेला हत्ती शतपावली करत असावा तसा. त्यावर गिटारचे छोटे छोटे चिमटे, मात्रांच्या मधल्या फटीत काढलेले. आणि सगळ्याच्या वर एका मुलीचा आवाज: बारीक, गोड, शाळेतून परस्पर आल्यासारखा. वरच्या सुरांवर किंचित कमी पडायचा, आणि तिथेच काळजात काहीतरी हलायचं.

"याला लव्हर्स रॉक म्हणतात," वेदांत म्हणाला. तो सकाळभर इंटरनेटवर हेच वाचत बसला होता. "सत्तरच्या दशकात, लंडनमध्ये. जमैकाहून आलेल्या लोकांच्या मुली. घरातले पुरुष रेगे ऐकायचे, त्यात सगळा धर्म आणि क्रांती. या मुलींना अमेरिकेतली सोल गाणी आवडायची, प्रेमाबिमाची. मग त्यांनी खाली रेगेचा बेस तसाच ठेवला आणि वर सोलचा गोडवा ओतला."

"म्हणजे आमटी बापांची, गूळ पोरींचा."

"तू एका वाक्यात विकिपीडिया बंद पाडशील."

पण सिद्धी अस्वस्थ होती. ती शाळेपासून तबला शिकलेली. तिची बोटं मांडीवर आपोआप ठेका धरत होती आणि दर आवर्तनाला एका जागी अडखळत होती. सम यायची आणि समेवर कोणीच नसायचं. सगळी वाद्यं त्या जागेला वळसा घालून जायची आणि ड्रमचा ठोका पडायचा तो थेट तिसऱ्या मात्रेला. जिना उतरताना शेवटची पायरी काढून घेतली की पोटात जे होतं, ते तिला दर आवर्तनाला होत होतं.

"पहिली मात्रा कुठे गेली?"

"तीच तर गंमत आहे. रिकामी सोडतात."

"कोणासाठी?"

वेदांतने रेकॉर्ड उलटली. मागच्या बाजूला तेच गाणं होतं, फक्त मुलगी नव्हती. तिचा आवाज काढून टाकलेला. मधूनच एखाद्या शब्दाचं शेपूट प्रतिध्वनीसारखं यायचं आणि विरून जायचं. "याला व्हर्शन म्हणतात. आवाज काढून टाकतात, म्हणजे पार्टीत कोणीही माइक घेऊन वरून बोलू शकतं."

"काढून ठेवतात कुठे?"

"काय?"

"तिचा आवाज. काढला, मग ठेवला कुठे?"

वेदांतला असे प्रश्न विचारायची सवय होती, त्यांची उत्तरं द्यायची नव्हती. तो चहा करायला उठला. लग्नानंतर त्याने केलेला पहिलाच चहा, त्यामुळे ती दुपार तिच्या चांगलीच लक्षात राहिली.

पुढच्या रविवारी मंदाकाकूंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मंदाकाकू जॉन्सनव्हिलच्या सगळ्यात जुन्या मराठी बाई. कोणाच्या घरात काय शिजतंय हे त्यांना शिजायच्या आधी कळायचं. त्या वर्षी त्यांनी वाण म्हणून कपड्यांचे चिमटे लुटले, कारण वेलिंग्टनच्या वाऱ्यात सौभाग्याइतकीच कपड्यांचीही काळजी घ्यावी लागते. पुरुषांची रवानगी गॅरेजमध्ये झाली होती. एकट्या वेदांतला आत परवानगी मिळाली, कारण तो कपाटासह आला होता आणि कपाट हलवायला माणूस लागतो.

तिळगूळ झाला, ओट्या भरून झाल्या आणि उखाण्यांची फेरी सुरू झाली. सिद्धीवर पाळी आल्यावर मंदाकाकू म्हणाल्या, "घे बाई नाव. आणि ते चांदीच्या ताटात वगैरे नको, ताजं काहीतरी घे."

"थांबा, म्युझिक देतो," वेदांत म्हणाला आणि त्याने रेकॉर्डची मागची बाजू लावली. बायका हसल्या. बेस चालू लागला, काकूंच्या शोकेसमधले गणपती हळूहळू तोंडं फिरवू लागले.

सिद्धी मांडीवर ताल धरून उभी होती. पुन्हा तेच. सम यायची, जागा रिकामी. तबलजीला रिकामी सम सहन होत नाही. दुसऱ्याच्या खांद्यावर चिकटलेला दोरा काढल्याशिवाय जसं राहवत नाही, तसं. तिने उखाणा मनात मोजला आणि नाव बरोबर त्या खड्ड्यात पडेल असा सोडला.

"जॉन्सनव्हिलच्या वाऱ्यात टिकत नाही छत्री,
वेदांतशी माझी सात जन्मांची मैत्री!"

नाव समेवर पडलं. अचूक. तिच्या आयुष्यातली ती सगळ्यात स्वच्छ सम होती.

खिडक्या एकदाच थरथरल्या. वेलिंग्टनमध्ये खिडक्या थरथरल्या की सगळी माणसं एकदम छताच्या दिव्याकडे बघतात; दिवा हलला तर भूकंप, नाही तर वारा. दिवा हलला नव्हता. बाहेर वाराही पडला होता. टाळ्या वाजल्या. सिद्धीला मात्र वाटलं की जिन्यातून घसरलेली वस्तू खाली पोचल्याचा आवाज यायला हवा होता, तो अजून आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोफ्याखाली मोजा दिसला. ती नवऱ्याला हाक मारायला गेली. तोंड उघडलं, श्वास गेला आणि नावाच्या जागी छातीतून एक खोल, ऊबदार 'ढुम्' आला.

"काय?" तो म्हणाला.

तिने पुन्हा प्रयत्न केला. ढुम्. लाडाचं नाव घेऊन पाहिलं. ढुम्. लिहून पाहिलं तर पेन त्या जागेवरून वळसा घालून पुढे गेलं.

"तू बोल तुझं नाव," ती म्हणाली.

त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मग डोकं खाजवलं. "सॉलिड बग आहे," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच बग सापडून त्याला आनंद झाला नाही.

ऑफिसात त्याचं कार्ड दाराने घेतलं नाही. कॉफीवाल्या मुलीने कपावर काहीच लिहिलं नाही आणि कप दुसऱ्याला दिला. सिद्धीने घाबरून मंदाकाकूंना फोन केला.

"काकू, मला यांचं नाव घेता येत नाहीये."

"अगं बाई!" काकूंनी फोनवरच कडाकडा बोटं मोडली. "मी म्हणतच होते, परदेशात राहूनही तुझ्यावर संस्कार आहेत. मी तरी कुठे घेतलं काकांचं नाव, चाळीस वर्षांत? 'अहो' म्हण, 'हे' म्हण. मजेत चालतं."

खरंच मजेत चाललं. तीच तर भीती होती. पुण्याहून सासूबाई फोनवर "कसा आहे गं तो?" विचारायच्या. मित्र म्हणायचे, "काय रे, तुझं काय चाललंय?" सगळ्या मराठी जगात एका माणसाचं नाव नाहीसं झालं आणि कोणाचं काही अडलं नाही. 'अहो', 'हे', 'तो', 'बाळ्या' यांवर माणूस आरामात जन्म काढू शकतो. नवऱ्याच्या जागी पोकळी ठेवून चालणारी भाषा पूर्वजांनी आधीच करून ठेवली होती.

मग त्याच्या वाक्यांची सुरुवात गळायला लागली. तो स्वयंपाकघरातून काहीतरी सांगायचा आणि तिच्यापर्यंत फक्त "...हा टाक... हा टाक... टाक..." एवढंच यायचं. त्यानंतर तो दिसायचाही अधूनमधूनच. ताल धरून बघितलं तेव्हा तिच्या लक्षात आलं: दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला तो सोफ्यावर असायचा, पहिल्या मात्रेला सोफा रिकामा.

"दुखतं का?" तिने विचारलं.

"...ही गं," तो हसून म्हणाला. "...दगुल्या होतात... ल्या होतात..."

एका सकाळी तो चौथ्या मात्रेलाही आला नाही. गादीवर त्याच्या बाजूला खळगा होता, हात ठेवला तर गरम. स्पीकर हळू आवाजात आपला आपण चालू होता.

सिद्धी थेट ऑप शॉपमध्ये गेली. गल्ल्यावर पर्ल नावाची बाई बसली होती: साठीच्या आसपास, जांभळी टोपी, कानात मोठ्या रिंगा, आणि रिटायर झालेल्या राणीसारखा रुबाब. सिद्धीने रेकॉर्डचं नाव काढताच तिने दारावरची पाटी फिरवून दुकान बंद केलं.

"मागची बाजू लावली होतीस?" पर्लने विचारलं.

"हो."

"आणि पहिल्या मात्रेवर काहीतरी बोललीस."

"नवऱ्याचं नाव."

पर्लने टोपी काढून मांडीवर ठेवली. मयताला काढतात तशी.

"पुढच्या बाजूची मुलगी म्हणजे मी," ती म्हणाली. "सोळा वर्षांची होते. साउथ लंडनमध्ये रविवारी गाण्याच्या स्पर्धा असायच्या, आम्ही पोरी तिथे रांगा लावायचो. सुरात पक्क्या असलेल्या मुली मागे राहायच्या. निर्मात्यांना आमच्यासारख्या जरा डळमळणाऱ्या हव्या असायच्या. आमचा निर्माता म्हणायचा, प्रेमात पडलेलं माणूस सुरात असेलच कसं? नंतर तीच गाणी घराघरांत वाजायची. खोलीतलं सगळं सामान बाहेर काढायचे, भिंतीला कपाटाएवढे स्पीकर, आणि जोडपी एकमेकांना टेकून, जागेवरून न हलता नाचायची. इतकी भिंतीला लागून की खांद्यांच्या उंचीवर वॉलपेपर झिजायचा. सोमवारी भिंतीकडे बघून सांगता यायचं, कोण कोणाबरोबर होतं."

"आणि पहिली मात्रा?"

"रेकॉर्डिंगच्या वेळी इंजिनिअरने बजावलं होतं. पोरी, पहिल्या मात्रेला हात लावू नकोस, ती जागा आपली नाही. पण सोळाव्या वर्षी कोण ऐकतं? मी माझ्या मित्राचं नाव तिथे घातलं. मग मागची बाजू करताना इंजिनिअरने माझा आवाज काढून टाकला. त्या आवाजाबरोबर मी बाहेर आले. मित्र आला नाही. चिप्स आणायला गेला होता, अजून गेलेलाच आहे."

"त्याचं नाव काय?"

पर्लने तोंड उघडलं. ढुम्.

तिने तोंड मिटलं आणि टोपलीतल्या जुन्या चपलांच्या जोड्या लावायला घेतल्या.

"मग तुम्ही ती विकलीत कशी?" सिद्धीचा आवाज चढला. "दान कशी केलीत? फोडून का नाही टाकली?"

"फोडली तर तो कुठेच नसेल, लव्ह. आणि घरात ठेवली तर मी दिवसभर ऐकत बसते. मी चाळीस वर्षं ऐकत बसले." तिने टोपी परत घातली. "चुकलं माझं. निदान आता आत त्याला कंपनी आहे."

"बाहेर काढायचा काही उपाय?"

"मला सापडला असता तर मी इथे लोकांचे जुने टोस्टर विकत बसले असते?" दार उघडता उघडता ती थांबली. "फक्त एवढं सांगते. तुझ्या नवऱ्याने आतून तुझं नाव त्या जागेवर घेतलं, तर तूही जाशील. माझा तेवढा बोलका नव्हता."

सिद्धी घरी आली. दुपारचं लख्ख ऊन, समोरच्या अंगणात कोणाचे तरी टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, वाळत घातलेले, आणि बैठकीच्या भिंतीवर खांद्यांच्या उंचीला वॉलपेपर झिजलेला. दोन गोल. एक तिच्या उंचीचा, एक त्याच्या. तिने जवळ जाऊन आपला खांदा टेकवून पाहिला. बरोबर बसला.

मग तिने मागची बाजू लावली.

बेस आला. गिटारचे चिमटे आले. लांबवर, पाण्याखाली असावेत तसे, दोन पुरुष काहीतरी बोलत होते. एकजण चिप्सबद्दल आणि दुसरा, मराठी वळणाच्या इंग्रजीत, त्याला काहीतरी समजावून सांगत होता. मग दुसऱ्याने घसा खाकरला. हा घसा तिने कुठेही ओळखला असता.

"ड्रायरमध्ये दोन मोजे गेले, एकच आला परत..."

तिची मांडीवरची बोटं थांबली. उखाणा. लग्नात भटजी, फोटोग्राफर आणि दोन्हीकडच्या मावश्यांनी जीव खाऊनही त्याने उखाणा घेतला नव्हता, 'स्टेज हा माझा फॉरमॅट नाही' म्हणाला होता. आणि आता घेत होता. पुढची मात्रा सम. सम तिच्या नावाची. तिने डोळे मिटले, भिंतीवरच्या झिजलेल्या गोलाला पाठ टेकवली आणि जायला तयार झाली.

सम आली. समेवर कोणीच नव्हतं.

"...वाचून मला क्षणभर नाही करमत," नवरा पुढे म्हणाला.

तिने डोळे उघडले. ती तिथेच होती. हातपाय, भिंत, टॉग्ज, सगळं जागच्या जागी. त्याला नाव आठवत नव्हतं? तिने सुई मागे घेतली. पुन्हा मोजे, पुन्हा परत, आणि समेच्या अगदी तोंडाशी त्याने घेतलेला श्वास तिला ऐकू आला. तोंडात आलेला शब्द माणूस गिळतो तेव्हाचा श्वास. त्याला नाव पक्कं आठवत होतं.

"घे की!" ती स्पीकरवर ओरडली. "घे नाव, गाढवा! मी येते!"

"...क्षणभर नाही करमत."

"सात जन्मांचं बोललेय मी! सगळ्यांसमोर!"

गिटारचे चिमटे. चिप्सवाला आत काहीतरी बोलला, नवरा हसला, आणि रेकॉर्ड संपली.

त्या दिवसापासून सिद्धी नवऱ्याशी रोज भांडू लागली, तसं संसारात काही वेगळं चाललं होतं असं नाही. फरक एवढाच की त्याचं म्हणणं ठरलेलं होतं. तिने आवाज वाढवून पाहिला. विनवलं, शिव्या दिल्या, त्याच्या आवडीची साबुदाण्याची खिचडी करून वाफ स्पीकरच्या जाळीत जाईल अशी ठेवली. खिचडीच्या दिवशी श्वास जरा लांबला. नाव आलं नाही. बाहेर असताना त्याने कधी कुठली गोष्ट इतक्या नेटाने केली नव्हती.

शेजाऱ्यांनी कौन्सिलकडे तक्रार केली. नॉइज कंट्रोलचा तरुण ऑफिसर आला, दारात बूट काढून उभा राहिला.

"किया ओरा," त्याने माओरीत नमस्कार केला. "बेसबद्दल तक्रार आहे. हीप्स ऑफ बेस, म्हणजे ढीगभर, असं लिहिलंय."

"ते माझे मिस्टर आहेत," सिद्धी म्हणाली.

"त्यांना जरा हळू करायला सांगाल?"

"तेच सांगतेय. ते हळूच आहेत. माझाच आवाज मोठा आहे."

त्याने कायद्याप्रमाणे आदेश दिला, आवाज ताबडतोब कमी करण्याचा. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पोलिसाला घेऊन परत आला, तेव्हा काचा थरथरत होत्या आणि सिद्धी भिंतीला पाठ लावून उभी होती. ऑफिसर प्लग काढायला स्पीकरमागे वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"प्लग कुठे आहे?"

"ड्रॉवरमध्ये. काल तुम्ही गेल्यावर काढून ठेवला. मला वाटलं, कमी होईल."

ऑफिसरने पोलिसाकडे बघितलं. पोलिसाने छताच्या दिव्याकडे बघितलं. दिवा हलत नव्हता.

"स्वीट ॲज, सगळं ठीक," ऑफिसर म्हणाला, काहीही स्वीट नसताना म्हणतात तसं. दोघांनी कपाट उचललं, टर्नटेबल उचललं, त्यावर फिरत असलेली रेकॉर्ड तशीच उचलली. पायऱ्या उतरताना त्या दोघांची पावलं नकळत तालात पडत होती, आणि पहिल्या मात्रेला दोघांचाही पाय हवेत होता. गाडीचं दार लागता लागता आतून ऐकू आलं, "...करमत... रमत... मत..."

मग घर शांत झालं. भिंतीवरचे दोन गोल तेवढे राहिले.

जप्त सामान परत मिळतं. पुन्हा आवाज होणार नाही अशी लेखी हमी दिली की मिळतं. सिद्धीने तो कागद समोर ठेवून बरीच संध्याकाळ काढली. हमी द्यावी, तर नवरा परत येऊन जन्मभर गप्प. न द्यावी, तर तो कौन्सिलच्या गोदामात, कोणाच्या तरी पार्टीतल्या कराओके मशीनशेजारी, दुसऱ्या कोणालातरी मोज्यांची हकिगत सांगत पडलेला. शेवटी तिने हमीचा कागद बाजूला सारला, नवीन कोरा घेतला आणि जिथे त्याचं नाव यायला हवं तिथे पेनला नेहमीसारखा वळसा घालू दिला.

"मा. अधिकारी, ध्वनिनियंत्रण विभाग, यांसी.

विषय: जप्त पतीस निर्देश देण्याबाबत.

महोदय, अर्जदाराचे पती श्री.                आपल्या ताब्यातील स्पीकरमध्ये वास्तव्यास असून ते मागील अनेक दिवसांपासून अर्जदाराचे नाव घेण्यास, माहीत असूनही, टाळाटाळ करीत आहेत. अर्जदार पुन्हा आवाज न करण्याची हमी देऊ शकत नाही. तरी आपल्या अधिकारात सदर पतीस त्यांचा उखाणा पहिल्या मात्रेसह पूर्ण करण्याचा आदेश तात्काळ बजावण्यात यावा, व त्या वेळी अर्जदारास स्पीकरसमोर उभे राहण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती."